कोर्टात जात कुठून शिरते?



वर्धापनदिनी कायद्याचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण गुलमंडीवरून अदालत रोडला जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही, आणि ती वाट कोणत्या घराला कधी धरावी लागेल सांगता येत नाही. जाताना मनात प्रश्न एकच असतो : साहेब आपले ऐकतील का?

आम्ही म्हणतो, प्रश्न एकट्या न्यायाधीशाचा नाही. खैरलांजीचे घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात जमावाने भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले. एकटे भैयालाल वाचले. तेही २०१७ साली गेले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, त्यातील सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. फाशी की जन्मठेप, यावर चर्चा पुष्कळ झाली. आम्हाला बोचते ते वेगळेच. अ‍ॅट्रॉसिटीचे कलम दोन्ही ठिकाणी टिकले नाही. मारहाणीच्या एका प्रकरणात या घराने साक्ष दिली, त्याचा तो सूड, जातीमुळे नव्हे, असे ठरले. सूड असेलही. पण तीच साक्ष गावातल्या दुसऱ्या कोणी दिली असती, तर त्याचे अख्खे घर संपवायला जमाव धजला असता काय?

खोच कायद्याच्या शब्दांतही होती. मोठ्या गुन्ह्यात, तो अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, हे सिद्ध करावे लागे. आता मनातले कारण कोण आणि कसे दाखवणार? २०१५ च्या दुरुस्तीने तिथे 'हे माहीत असताना' असे शब्द आले. आरोपी ओळखीचा असेल, तर त्याला जात माहीत होती असेच कोर्ट धरते. नव्हती म्हणायचे तर ते त्याने सिद्ध करायचे.

त्याच दुरुस्तीने १५-अ हे कलम आले. आरोपीच्या जामिनाची तारीख पीडिताला आधी कळवलीच पाहिजे, आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. नुसता सरकारी वकील उभा राहिला, एवढ्याने भागत नाही. २०२१ साली राजस्थानच्या एका खुनाच्या प्रकरणात अशी नोटीस दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च मागता येतो. सोबत वकील, सामाजिक कार्यकर्ता आणता येतो. (पुष्कळांना हे ठाऊकच नसते, आणि आपणहून सांगणारे थोडे.)

जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला : दाव्याच्या कागदावर पक्षकाराच्या नावापुढे जात-धर्म लिहू नये, कोणत्याच कोर्टात. म्हणजे तोवर लिहिले जात होते!

पण कोर्टापुढे येतो तो कागद पोलीस ठाण्यात तयार होतो. तोंडी फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही आणि नक्कल द्यायची, हे कलम ४ प्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. शिवी कोणत्या शब्दांत दिली, कोणासमोर दिली, हे त्यात आले का बघा. 'किरकोळ वाद' असे दोन शब्द तिथे पडले, की पुढे चांगला न्यायाधीशही तेच वाचतो. जातीचा दाखला तपासाच्या कागदांत लागला का, तेही विचारा.

ज्यांच्या घरी तारीख चालू आहे, त्यांनी पौर्णिमेला वंदनेनंतर कागद घेऊन थांबावे. आम्ही बसून वाचू.

जयभीम! नमो बुद्धाय!