शब्दांचे शेजार

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण मराठी घरांत सर्वत्र चालते. शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक कण. भात म्हणजे अशा कणांचा समुदाय. एक अंश, दुसरा पूर्ण. परंतु गोव्यात कोकणी बोलणारी माणसे पानात वाढलेल्या सगळ्या भातालाच 'शीत' म्हणतात. त्यामुळे फोंड्याकडील एखादा मुलगा मराठी निबंधात 'आईने शीत वाढले' असे लिहितो, तेव्हा ती माउली एकच कण वाढून थांबली की काय, असे परीक्षकास वाटावे! तांबडी रेघ तत्काळ पडते. वस्तुतः मुलाचा शब्द परका नाही. त्या शब्दाचे शेजाऱ्यांशी असलेले नाते तेवढे निराळे आहे.

बेळगावात हाच प्रकार 'अन्न' या शब्दाचा. मराठीत तो व्यापक आहे. भाकरी, भाजी, भात ही सारी त्याच्या पोटात येतात. कन्नडात मात्र 'अन्न' म्हणजे मुख्यतः शिजलेला भात, कच्चा तांदूळ 'अक्की' आणि टरफलासकट असलेले धान्य 'भत्त'. मराठीचा 'भात' शेतातही उभा राहतो आणि पानातही पडतो. मधल्या अवस्थेपुरता तांदूळ येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीत 'चावल' कोठीतही असतो आणि ताटातही. दाणा एकच, पण प्रत्येक भाषेने त्याच्या वाटण्या आपापल्या रीतीने केल्या आहेत.

फेर्दिनां द सोस्यूर या स्विस पंडिताच्या व्याख्यानांचा ग्रंथ १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झाला. त्यात त्याने हेच दाखविले आहे. फ्रेंचातील 'मूतों' हा शब्द मेंढीलाही लागतो आणि तिच्या मांसालाही. इंग्रजीत मांसासाठी 'मटन' हा वेगळा शब्द असल्यामुळे 'शीप'चे क्षेत्र तेवढे आखूड झाले. शब्दाची किंमत शेजारचे शब्द ठरवितात, असा त्याचा अभिप्राय.

समानार्थी म्हणून पाठ करविल्या जाणाऱ्या शब्दांची गोष्टही तशीच. अमरकोशात पाण्याची कितीतरी नावे एका ठिकाणी गोवली आहेत, आणि ते पाठांतर व्यर्थ मुळीच नव्हे. पण 'नळाला उदक आले' असे कोणी म्हणत नाही, आणि घाबरलेल्याच्या तोंडचे पाणीच पळते, जल पळत नाही.

विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत तर याहून अन्याय होतो. 'कच्चा' याच्यासमोर 'पक्का' हे एकच उत्तर छापलेले असते. रस्त्याला आणि हिशेबाला ते शोभते. आंबा कच्चा नसेल तर तो पिकलेला असतो. डाळ कच्ची नसेल तर ती शिजलेली असते. 'पक्की डाळ' असे लिहिणारा मुलगा यादीशी प्रामाणिक राहूनही चुकतो, आणि चूक यादीची असते.

फोंड्याच्या त्या निबंधावर नुसती रेघ ओढण्याऐवजी समासात 'भात' हा शब्द लिहावा, आणि मराठीत शीत केवढेसे असते, हे मुलाला जवळ बोलावून सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे. घरी त्याचे शीत पानभरच राहो.