ही ठेव आपलीही

आज कर्ज, हप्ते, व्याज जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचंय चित्रांविषयी. पण गटाच्या बैठकीत आपण जिच्यावर सगळ्यात जास्त भर देतो, ती गोष्ट इथेही आहे. ती म्हणजे नोंद.

दिल्लीत इंडिया गेटजवळ जयपूर हाउस नावाची इमारत आहे. जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ साली ती बांधली. वरून पाहिलं तर फुलपाखरासारखी दिसते. स्वातंत्र्यानंतर तिथे देशाचं आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचं उद्घाटन केलं, पंडित नेहरूही हजर होते. आज तिथल्या संग्रहात १७ हजारांहून जास्त कलाकृती आहेत. काही सरकारने विकत घेतलेल्या, काही घरच्यांनी सोपवलेल्या. म्हणजे ही देशाची ठेवच आहे आणि त्या ठेवीत आपलाही वाटा आहे.

या संग्रहात सुरुवातीपासून ज्यांची चित्रं महत्त्वाची मानली गेली, त्यांत एक बाई होती. अमृता शेरगिल. वडील पंजाबी शीख, आई हंगेरीची. पॅरिसमध्ये चित्रकला शिकून ती १९३४ साली भारतात परतली. इथे तिने राजवाडे किंवा देवदेवता नाही रंगवल्या, तर शांत बसलेल्या साध्या बायका रंगवल्या. ‘तीन मुली’ हे तिचं चित्र मनात घर करतं. अंगावर लाल, हिरव्या रंगाचे कपडे, नजर खाली, चेहऱ्यावर हसू नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरात जी शांतता असते ना, तशी त्या चित्रात आहे. याच चित्राला १९३७ साली मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आपली अजिंठ्याची लेणीही तिने पाहिली होती आणि त्यांचा तिच्यावर मोठा परिणाम झाला.

१९४१ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती लाहोरला वारली. हयातीत तिची फार थोडी चित्रं विकली गेली होती. मागे राहिलेल्यांपैकी बरीच चित्रं तिच्या पतीने आणि वडिलांनी सरकारकडे सोपवली. नाहीतर ती कुठे कुठे विखुरली असती. १९७६ साली तिची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर झाली. आता ती विकून देशाबाहेर नेता येत नाहीत.

दुसरी बाई कोलकात्याची, सुनयनी देवी. ठाकुरांच्या मोठ्या घराण्यातली. तिचे भाऊ अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ नावाजलेले चित्रकार. तिला मात्र कुणी चित्रकलेच्या शाळेत घातलं नाही. भावांचं काम बघत बघत, तिशीच्या आसपास, घरसंसार सांभाळून तिने हातात कुंचला घेतला. तिचीही चित्रं या संग्रहात आहेत.

आणि तिसरी आपल्याकडची, बी. प्रभा. जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली. विद्यार्थिनी असतानाच तिची तीन चित्रं शास्त्रज्ञ होमी भाभांनी विकत घेतली. कोळिणी, डोक्यावर ओझं घेतलेल्या, पोराला कडेवर घेतलेल्या बायका तिने रंगवल्या. लांब मान, दमलेले डोळे. ती बाई आपण रोज बघतो, फक्त चौकटीत बघत नाही.

याच संग्रहात नंदलाल बोस यांची हरिपुराची चित्रंही आहेत. १९३८ साली गुजरातेतल्या हरिपुरा गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ती काढली. ढोलवाला, शिंपी, कांडण करणारी बाई. गावच्या माणसांनी जाता-येता बघावीत म्हणून ती मांडवात लावली होती. कला गावाची नाही, असं कोण म्हणेल?

तरी संग्रहालय म्हटलं की आपल्या बायका म्हणतात, “ते शिकलेल्यांचं, आपलं काय काम?” मी बी. ए. झाले तरी मलाही चित्रातलं सगळं कळत नाही. पण बघायला डोळे पुरतात.

दिल्ली लांब वाटत असेल तर मुंबईत याच संग्रहालयाची शाखा आहे. रीगल सिनेमाजवळ, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. पूर्वी तिथे सभा, मैफली, लग्नाचे समारंभ व्हायचे. १९९६ पासून तिथे चित्रांची प्रदर्शनं भरतात. सोमवारी बंद असतं. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. पुढच्या वेळी गटाची सहल मुंबईला नेऊ, तेव्हा चौपाटीसोबत हे दोन तासही धरू या.

आणि शेवटी एक काम सांगते. या तिघींची चित्रं टिकली, कारण कुणीतरी ती जपली आणि नावानिशी नोंदली. आपल्या आज्यांनी शिवलेल्या गोधड्या, भिंतीवर काढलेली चित्रं यांच्यामागे नाव नाही, म्हणून ती कुणाची हेही आता सांगता येत नाही. तेव्हा या आठवड्यात घरातली एक जुनी गोधडी काढा. कुणी शिवली, कोणत्या गावात, साधारण कोणत्या साली, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कापडाच्या तुकड्यावर लिहा आणि मागच्या बाजूला टाके घालून लावा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकेक आणायची. गटाच्या वहीत आपण पैशाची नोंद ठेवतोच, हाताच्या कामाचीही ठेवू.

भेटू या पुढच्या आठवड्यात. नमस्कार.