काटेसावरीचे काटे

आज दवाखाने बंद ठेवून गावोगावहून आलेल्या माझ्या फॅमिली डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

एका त्वचारोगतज्ज्ञाला तुम्ही अध्यक्ष केलंत, त्याबद्दल आभार. अध्यक्षानं आरोग्यधोरणासारख्या भारदस्त विषयावर बोलायचं असतं. मी मुरमांवर बोलणार आहे. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, ते ऐकू आलं. हसा खुशाल. सुश्रुतानंही या विकाराला क्षुद्ररोगांतच बसवलं आहे.

पण त्यानं बघितलं मात्र नीट होतं. तरुणांच्या तोंडावरच्या या पुळ्यांना तो मुखदूषिका म्हणतो आणि उपमा देतो शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांची. घाटात कोवळी सावर दिसली तर तिच्या खोडावरून हात फिरवून बघा. बुडाशी रुंद, वर टोकदार. बोट फिरवल्याशिवाय ही उपमा सुचत नाही. आणि आपण? मुलगी आत येते, आपण टेबलापलीकडून चेहरा बघतो आणि ती खुर्चीत टेकायच्या आत ट्यूबचं नाव लिहून होतं. माझं आज एवढंच म्हणणं आहे की मुरूम हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात आजार अनेक आहेत. कोणता ते ठरवल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका.

शरीरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वयात येताना अँड्रोजेनमुळे तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, रोमकूपाच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. यात ‘उष्णता’ कुठे बसते, हे तीस वर्षं शोधतोय. आपल्याकडे आजी, शेजारीण आणि काही वेळा डॉक्टरसुद्धा हेच निदान करतात.

बूच बंद राहिलं तर पांढरा दाणा, उघडं राहिलं तर काळं टोक. हा काळेपणा मळाचा नव्हे. आतल्या मेलॅनिनचा आणि तेलाचा हवेशी संबंध येऊन तो रंग चढतो. मळ समजून मुली दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड घासतात आणि कातडी सोलवटून घेतात. दाह वाढला की लाल पुळी, मग पू, आणि खोलवर गेला की गाठी. पांढऱ्या-काळ्या दाण्यांना ॲडापॅलिनसारखं रेटिनॉइड पुरतं. पुवाच्या पुळ्यांना सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवं. त्यानं उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो हे आधीच सांगा, नाहीतर आईचा फोन येतो. गाठी दिसल्या तर मात्र रुग्ण स्वतःकडे ठेवू नका, लवकर पाठवा. त्या खड्डे ठेवून जातात, आणि खड्डे भरून काढणं आमच्याही हातात फारसं नसतं.

आता मुरमांच्या वेशात येणारे दुसरे आजार. कपाळभर बारीक दाणे असतील तर केसांना तेल किती लावते ते विचारा. छातीपाठीवर सगळ्या एकाच मापाच्या पुळ्या आणि खाज असेल तर ते मालासेझिया बुरशीचं काम असू शकतं. आपल्या दमट हवेत, जिममध्ये घामेजलेला टी-शर्ट तासन्‌तास अंगावर ठेवणाऱ्या पोरांत हे दिसतं, आणि अँटिबायोटिकनं ते आणखी चिघळतं. क्षयाच्या रुग्णाला अचानक पुळ्या आल्या तर आयसोनियाझिड आठवा. पंचविशीतल्या बाईच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं मुरूम असतील तर पाळी कशी येते आणि अंगावर केस वाढलेत का, हे दोन प्रश्न चुकवू नका. पीसीओएस अशा वेळी सापडतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते ट्यूबबद्दल.

एक मुलगी आली, सोबत आई. लग्न पंधरा दिवसांवर. गाल लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, त्यावर एका मापाचे दाणे. म्हटलं, “बाळ, आधी काय लावत होतीस?” “काही नाही डॉक्टर, साधी क्रीम.” आईनं पिशवीतून ट्यूब काढली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. लावलं की आठवड्यात चेहरा उजळतो, थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. असं दीड वर्ष चाललं होतं.

या मिश्रणाच्या मुळाशी असलेलं नाव मुरमांच्या उपचारातलंही मोठं नाव आहे, फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन. १९६९ साली ट्रेटिनॉइन मुरमांवर चालतं हे त्यांनी दाखवलं. (त्यांचे बरेच प्रयोग होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर झाले, हे आम्हा त्वचावाल्यांना अजून खुपतं.) पुढे १९७५ साली डाग फिके करायला त्यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड एकत्र केलं. आपल्याकडे त्याचा मोमेटासोनवाला अवतार आला, आणि डागांचं औषध गोरं होण्याचं क्रीम बनून घराघरांत शिरलं. २०११ साली देशातल्या अनेक केंद्रांचा मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांच्यात सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम होता मुरूम. म्हणजे काहींनी ज्यासाठी लावलं, तेच त्यातून उगवलं. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, आणली. मेडिकलवाल्याला ते पाठ आहे, पण गिऱ्हाईक जुना खोका दाखवतं आणि तो ट्यूब काढून देतो.

माझ्या त्या मुलीला मी ट्यूब बंद करायला लावली. लग्नात चेहरा अधिकच लाल दिसेल, हेही सांगितलं. आईला ते आवडलं नाही, आणि त्या दोघी परत आल्या नाहीत.

घाई हाच आपला अडथळा आहे. खऱ्या मुरमांच्या औषधाला सहा-आठ आठवडे लागतात आणि पहिल्या पंधरवड्यात चेहरा कधी कधी बिघडतो. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी जायफळ उगाळणं सुरू होतं. सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढंच मलम, रात्री, कोरड्या कातडीवर. नुसत्या पुळीवर टिकली लावल्यासारखं नव्हे. अँटिबायोटिक एकटं देऊ नका, आणि डॉक्सिसायक्लिन तीन महिन्यांपुढे ओढू नका. ते गुणी औषध आहे, आपणच त्याचं मातेरं करतोय. आयसोट्रेटिनॉइन तर मुरमांवरचं आपलं सर्वांत बळकट औषध. पण गर्भात व्यंग आणतं. लग्न ठरलेल्या मुलीला ते देण्याआधी, आईला बाहेर बसवून, दिवस राहू न देण्याबद्दल स्पष्ट बोला. मला पहिली काही वर्षं हे बोलायची लाज वाटायची.

जेवणाच्या मंडपाबाहेर टेबलावर मी एक स्टीलचा डबा ठेवला आहे. रुग्णांनी वर्षभरात माझ्याकडे आणून दिलेल्या ट्यूब त्यात आहेत. प्रत्येकीला एक कागद गुंडाळलाय, ती कोणी दिली ते लिहिलेला. शेजारीण, पार्लर, मेडिकल, नात्यातली वहिनी. काहींवर ‘डॉक्टर’ असं लिहिलं आहे. नावं मी घातलेली नाहीत. त्यातल्या दोन माझ्याच चिठ्ठीवरच्या आहेत, जुन्या. ताट घ्यायला जाताना एकदा बघून जा.