रक्तदान आणि रक्तांतील चरबी



धर्मग्रामाच्या या महोत्सवीं रक्तदात्यांचा गौरव होत असतां एका गैरसमजाविषयीं चार शब्द सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. नित्य रक्त देणाऱ्याच्या रक्तांतील चरबी आपोआप झडते, असें पुष्कळ लोक मानतात. परंतु हंड्यांतून तांब्याभर ताक काढिल्यानें उरलेल्या ताकाचा खारटपणा घटत नाहीं. तद्वत् ३५० मिलिलिटर रक्त दिल्यानें उरलेल्या रक्तांतील कोलेस्टेरॉलचें प्रमाण कायमचें उतरत नाहीं. यकृत तें पुन्हा निर्माण करितें.

मग नित्य दाते प्रथमच येणाऱ्यांहून निरोगी कां दिसतात? जे निरोगी असतात, तेच वारंवार रक्त देऊं शकतात. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन दर डेसिलिटरास १२.५ ग्रॅम, या कसोट्यांस न उतरणारा परत पाठविला जातो. १९८१ सालीं जेरोम सलिव्हन यांनीं शरीरांतील लोह घटल्यानें हृदयाचें रक्षण होतें असा तर्क मांडिला; तो अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाहीं.

रक्तपेढी एचआयव्ही, कावीळ, उपदंश व मलेरिया यांची तपासणी करिते. चरबीची तपासणी तिजवर बंधनकारक नाहीं. म्हणून रक्त स्वीकारलें गेलें, एवढ्यावरून दात्यानें हृदयाविषयीं निश्चिंत राहूं नये. ती तपासणी निराळी करावी. आहार व व्यायाम सांभाळावा.

दान हें दात्याचें औषध नव्हे. तें अनोळखी बांधवाचें जीवन आहे. मोबदल्याची आशा न धरितां दिलेलें दानच प्रभु ख्रिस्ताच्या शिकवणीस शोभतें. पुरुषांनीं ९० व स्त्रियांनीं १२० दिवसांचें अंतर राखून पुन्हा यावें, ही आमची नम्र विनंती.