जुन्या टायरची जबाबदारी



आपल्याकडे जुना टायर सहसा वाया जात नाही. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून तो छपरावर चढतो, होडीच्या कडेला बांधला जातो, शाळेच्या आवारात रंगवून अर्धा पुरलाही जातो. ही काटकसर कौतुकास्पदच आहे. परंतु मागील पावसाळ्यात एका शाळेस भेट दिली असता अशाच एका रंगीत टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना मी पाहिल्या. डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाची अंडी कोरड्या टायरलाही कित्येक महिने चिकटून राहतात व पाणी मिळताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. टायर आतून घासून त्यास तळाशी भोके पाडावी लागतात.

गंधक घालून पक्के केलेले रबर लोखंडासारखे वितळवून पुन्हा ओतता येत नाही. शेकोटीत किंवा होळीत जाळल्यास काजळी आणि गंधकाचा घातक वायू घराघरांत शिरतो. सांगाडा शाबूत असेल तर टायर रिमोल्ड करणे सर्वांत उत्तम. नसेल तर त्याचा भुगा डांबरात मिसळून रस्त्यास वापरता येतो. बंद भट्टीत तापवून त्याचे तेलही काढतात. मात्र हा मार्ग शेवटचा समजावा, असे माझे मत आहे. नियम न पाळणाऱ्या भट्टीची काळी भुकटी शेजारच्या पिकांवर बसते.

केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी नव्या टायरच्या उत्पादकांवर व आयातदारांवर टाकली. २०२२-२३ साठी २०२०-२१ मधील उत्पादनाच्या ३५ टक्के, पुढील वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाइतकी, म्हणजे १०० टक्के, अशी ती चढत गेली. कारखानदाराने स्वतः टायर गोळा करावेत असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून तो तितकी प्रमाणपत्रे विकत घेतो. तेल काढण्यासाठी परदेशातून टाकाऊ टायर आणण्यास मनाई आहे.

नियम कारखानदारासाठी असला, तरी टायर निघतो तो आपल्या फाट्यावरील पंक्चरच्या दुकानातून. तेथून भंगारवाला तो नेतो आणि अधिक भाव देणाऱ्याच्या हाती सोपवितो. माल कोठे जातो, त्या कारखान्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे काय, एवढे त्यास ग्रामपंचायतीने विचारावे. दुकानामागील ढीग पावसापूर्वी उचलण्याचा विषय मे महिन्याच्या मासिक सभेपुढेच ठेवावा. जूनमध्ये उशीर झालेला असतो.