घरातील झाडे आणि एलईडीचा उजेड

बेंगळुरूच्या दक्षिणेस केऑनिक्स या सरकारी महामंडळाने १९७८ च्या सुमारास, आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेनुसार, ३३२ एकरांवर वसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात आता इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर उन्हाची तिरीपही दुर्मीळ होते. त्यात हे ठिकाण सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि एरवी उन्हाची म्हणून ओळखली जाणारी दक्षिणेकडची गॅलरी नेमकी त्याच काळात, पावसाळी ढगांसह, सावलीत जाते. तुळस सुकू लागते आणि ‘ग्रो लाइट’चा शोध सुरू होतो.

हा शोध बहुधा वॅट आणि लुमेन या आकड्यांवर अडतो. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज आणि लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण वापरते, ज्यांची मोजणी मायक्रोमोल या एककात होते. प्रत्येक ज्यूल विजेमागे दिवा किती मायक्रोमोल देतो, हाच खरेदीचा खरा निकष होय, आणि जो विक्रेता तो आकडा देत नाही त्याच्या जांभळ्या झगमगाटासाठी जास्त पैसे मोजू नयेत. जांभळा रंग अपरिहार्यही नाही, कारण पाने हिरवा प्रकाशही वापरतात हे संशोधक मॅकक्री यांनी १९७२ मध्ये मोजून दाखवले, आणि निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन बनणाऱ्या साध्या पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, लाल असे तिन्ही भाग असतात. हे दिवे सामान्यांच्या आवाक्यात आले त्यामागे सरकारी घाऊक खरेदीचा मोठा वाटा आहे: २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतला गेलेला दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला.

सुमारे ९०० लुमेनचा ९ वॅटचा असा दिवा सेकंदाला साधारण १२ मायक्रोमोल देतो. तो सगळा उजेड अर्धा मीटर लांब-रुंद जागेवर पडला, असे उदारपणे धरले, तरी १२ तासांत दर चौरस मीटरला जेमतेम २ मोल जमतात. मनीप्लांट किंवा स्नेक प्लांटला एवढे पुरते, पण तुळशीला आणि कोथिंबिरीला दहा-बारा मोल लागतात, म्हणजे तेवढ्याच जागेवर असे पाच-सहा दिवे किंवा ५० वॅटचे पॅनल हवे. ते रोज १२ तास चालवल्यास महिन्याला १८ युनिट वीज जाते. अंतराचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण उघडा दिवा दुप्पट दूर नेला की पानावरचा उजेड जवळपास चौथाईवर येतो; छताला टांगलेला दिवा झाडाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून मनीप्लांटसाठी वीतभर अंतरावर एक साधा पांढरा दिवा पुरे. तुळशीसाठी आधी उत्तरेकडची खिडकी पाहावी आणि पॅनल त्यानंतरच घ्यावे.