नंबरप्लेट नसलेली स्कूटर



शिराळ्याच्या बाजारपेठेत काय किंवा पेठ नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर काय, नंबरप्लेट नसलेल्या विजेच्या स्कूटर आता सर्रास दिसतात. काहींवर तर आठवी-नववीतली मुलं बसलेली असतात. ‘हिला लायसन लागत नाही,’ असं दुकानदार सांगतो. हे खरं आहे, पण अर्धंच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि तसं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं तपासलेलं असेल, तर ती गाडी मोटार वाहन ठरत नाही. मग नोंदणी नको, विमा नको, लायसन नको. लायसन नाही, म्हणून वयाची अटही नाही. कायद्यानं तिला सायकलच्या पंगतीला बसवलं आहे.

युरोपातही आकडे हेच आहेत, २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर. पण तिथं ही सूट पायडल मारून चालणाऱ्या सायकलीला आहे. पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे. आपल्याकडं नुसती मूठ पिळून पळणाऱ्या स्कूटरलाही तीच सूट मिळते. खरी गोम इथं आहे.

आपल्या डोंगरी भागात एवढ्याशा मोटरवर दोघं बसले की चढाला गाडी दमते. मग कुणीतरी वेगाची मर्यादा काढून देतो. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागानं अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गळीत हंगामात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या चालतात, आणि स्कूटरवरच्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेटही नसतं. फेरफार झाला की गाडी सवलतीतून बाहेर जाते. अपघात झालाच, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नसते. शिवाय अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार वाहन दिल्याबद्दल पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून सायकल आणि स्कूटर यांना एकच माप लावू नये. पायडलची सायकल, मग तिला मदतीची मोटर असली तरी, मोकळीच राहू द्या. कमी वेगाच्या स्कूटरला मात्र १६ वर्षांची अट, हेल्मेट आणि ओळखीचा क्रमांक हवा. यात जाच नाही. एके काळी साध्या सायकललाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे. आणि मर्यादा काढून देणाऱ्यावर आधी कारवाई व्हावी, चालवणाऱ्यावर नंतर.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पालकांनी एवढं करावं: गाडी घेताना चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या दुकानाची पायरी चढू नये आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नये.